विद्यापीठ कोण चालविते?

राजगडाच्या पायथ्याशी, गुंजवणीच्या खोऱ्यातील एखाद्या घरी भिंतीवर काचेच्या चौकटीत बसविलेले पदवीपत्र आढळते. घरातील पहिल्याच पदवीधराचे ते असते, म्हणून देवादिकांच्या तसबिरींच्या शेजारी त्यास मानाची जागा मिळालेली असते. या कागदाच्या बळावर त्या मुलास वा मुलीस सरकारी नोकरीसाठी अर्ज करता येतो, पुढील शिक्षणाचे दार उघडते, आणि परगावी, परप्रांतीदेखील त्याची योग्यता कोणास नव्याने सिद्ध करावी लागत नाही. या कागदात एवढे सामर्थ्य कोठून येते? शिकविणारे अध्यापक विद्वान होते म्हणून, असे कोणी म्हणेल. परंतु विद्वान अध्यापक शिकवणीवर्गातही असतात, आणि शिकवणीवर्गाच्या प्रमाणपत्रावर कोणी पदवीधर होत नाही. विद्या गुरूकडून मिळते हे खरे; पदवी मात्र कायद्याकडून मिळते. हा भेद ध्यानी घेतला म्हणजे विद्यापीठ ही काय वस्तू आहे, ते कोण निर्माण करतो आणि ते कोण चालवितो, या प्रश्नांचा उलगडा होऊ लागतो.

विद्या आहे परंतु कायदा नाही, अशी स्थिती असली म्हणजे काय होते, याचे उदाहरण पुण्याच्या वेशीवरच घडले. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली हिंगण्यास महिला विद्यापीठ स्थापन केले. मातृभाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो धाडसी प्रयोग होता. तेथे अभ्यासक्रम होता, परीक्षा होत्या, पदव्याही होत्या, बी. ए. च्या तोडीच्या पदवीस ‘गृहीतागमा’ असे सुंदर नाव होते. नव्हता तो कायदेमंडळाचा अधिनियम. त्यामुळे कित्येक वर्षे तेथील विदुषींना आपल्या पदवीचे मोल इतरांस समजावून सांगावे लागे. विठ्ठलदास ठाकरसी यांच्यासारख्या दात्याने १९२० साली १५ लक्ष रुपयांची उदार देणगी दिली, तरी द्रव्यानेही ही उणीव भरून निघाली नाही. १९५१ साली त्या संस्थेस कायद्याने विद्यापीठाचा दर्जा प्राप्त झाला, तेव्हा स्थापनेस ३५ वर्षे होऊन गेली होती. शिक्षणाची तळमळ, त्याग आणि द्रव्य ही तिन्ही असूनही कायद्यावाचून काय अडते, हे त्या ३५ वर्षांनी दाखविले.

आपल्या इकडे कायद्याने विद्यापीठ निर्माण होण्याची प्रथा १८५७ पासूनची आहे. त्या एका वर्षात कलकत्ता, मुंबई व मद्रास अशी तीन विद्यापीठे तीन निरनिराळ्या कायद्यांनी अस्तित्वात आली. त्यांचा नमुना लंडन विद्यापीठाचा होता. शिकविण्याचे काम महाविद्यालयांनी करावे, विद्यापीठाने परीक्षा घ्यावी आणि पदव्या द्याव्या, असा तो नमुना. पुण्याचे डेक्कन कॉलेज असो वा १८८५ साली निघालेले फर्ग्युसन कॉलेज असो, विद्यार्थी पुण्यात शिकत. पदवी मात्र मुंबईची. भोर संस्थानातील विद्यार्थ्याची गोष्ट तर याहूनही चमत्कारिक होती. राज्य पंतसचिवांचे, शाळा संस्थानातील; परंतु मॅट्रिक व्हावयाचे तर परीक्षा मुंबई विद्यापीठाची! संस्थानाच्या हद्दीबाहेर झालेला एक कायदा संस्थानी मुलाच्या भवितव्याचा निकाल लावीत असे, आणि त्या कायद्याविषयी मत देण्याचा अधिकार त्या मुलाच्या पित्यास नव्हता.

महाराष्ट्रासाठी पुण्यास निराळे विद्यापीठ असावे, ही मागणी बरीच जुनी. तिचा विचार करण्यासाठी मुंबई सरकारने १९४२ साली बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पुढे स्वातंत्र्य आले आणि १९४८ साली मुंबईच्या कायदेमंडळाने पुणे विद्यापीठाचा कायदा संमत केला. याच वर्षी, ८ मार्च १९४८ रोजी, भोर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. एकाच वर्षातील या दोन घटनांचा परस्परसंबंध सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. विलीनीकरणाने भोरच्या रयतेचे केवळ राज्यकर्ते बदलले नाहीत. ज्या कायदेमंडळाने विद्यापीठ निर्माण केले, त्या कायदेमंडळाचे सभासद निवडून देण्याचा हक्क तिला लाभला. जो कायदा कालपर्यंत परक्याचा होता तो आपला झाला. राजगड व तोरणा हे किल्ले ज्या मुलखात आहेत तो वेल्ह्याचा भागही याच संस्थानाचा. त्याचा पुढे स्वतंत्र तालुका झाला आणि आता त्यास राजगड हेच नाव देण्यात आले आहे.

१० फेब्रुवारी १९४९ रोजी पुणे विद्यापीठाची स्थापना झाली आणि बॅरिस्टर जयकर हेच पहिले कुलगुरू झाले. आरंभी कचेरी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या आवारातील निजाम गेस्ट हाऊसमध्ये होती. नंतर गणेशखिंडीतील, पूर्वी मुंबईच्या गव्हर्नराच्या निवासाची असलेली वास्तू विद्यापीठास मिळाली. प्रारंभी या विद्यापीठाच्या छायेत १२ जिल्हे होते. १९६२ साली कोल्हापूरास शिवाजी विद्यापीठ निघाले, १९९० साली जळगावास उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झाले, आणि पुण्याकडे पुणे, नाशिक व अहमदनगर (म्हणजे आताचे अहिल्यानगर) हे जिल्हे राहिले. २०१४ साली विद्यापीठास सावित्रीबाई फुले यांचे नाव मिळाले. सीमा असो वा नाव असो, त्यात पालट करावयाचा तो कोणा अधिकाऱ्याच्या लहरीने होत नाही; कायद्याच्या मार्गानेच व्हावा लागतो.

आता कोणी असे विचारील, की कायदा केला म्हणजे झाले विद्यापीठ, असे आहे काय? तसेही नव्हे. आपल्या संविधानाने हा अधिकार वाटून दिला आहे. विद्यापीठाला कायद्याने जन्म देणे ही गोष्ट राज्यांच्या सूचीत आहे. उच्च शिक्षणाचा दर्जा ठरविणे आणि त्यात सुसूत्रता राखणे हे काम संघराज्याच्या सूचीत आहे. शिक्षण हा सामान्य विषय १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने दोघांच्या सामाईक सूचीत गेला. १९५६ च्या कायद्याने स्थापन झालेला विद्यापीठ अनुदान आयोग दर्जावर देखरेख ठेवतो. कायद्याने स्थापन झालेल्या वा त्या कायद्यान्वये विद्यापीठासमान मानलेल्या संस्थेवाचून इतरांनी पदवी देऊ नये, असा त्याच कायद्याचा दंडक आहे.

या दोन अधिकारांचा तोल ढळला तर काय होते, हे छत्तीसगड राज्यात दिसून आले. २००२ साली तेथे असा कायदा झाला, की सरकारी राजपत्रातील एका अधिसूचनेसरशी खाजगी विद्यापीठ अस्तित्वात यावे. अल्पावधीत शंभराहून अधिक विद्यापीठे कागदावर निघाली. पुष्कळांपाशी ना जागा, ना इमारत, ना ग्रंथालय. प्राध्यापक यशपाल यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञाने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, आणि २००५ साली न्यायालयाने त्या तरतुदी रद्द केल्या. कर्व्यांच्या विद्यापीठात विद्या होती, कायदा नव्हता. छत्तीसगडात कायदा होता, विद्या नव्हती. दोन्ही ठिकाणी हानी झाली ती विद्यार्थ्यांची. विद्यापीठास दोन्ही हवीत.

महाराष्ट्रातील बहुतेक सार्वजनिक विद्यापीठांस आज एकच कायदा लागू आहे. त्याचे नाव महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६. तो १ मार्च २०१७ पासून अमलात आला. या कायद्याच्या दृष्टीने विद्यापीठ ही एक व्यक्ती आहे. तिला हाडामांसाचे शरीर नाही, तथापि तिच्या नावे मालमत्ता असते, तिची स्वतःची मुद्रा असते, ती दुसऱ्यावर फिर्याद करू शकते आणि दुसराही तिच्यावर फिर्याद करू शकतो. कुलगुरू येतात आणि जातात. ही व्यक्ती मात्र अखंड राहते. म्हणून पन्नास वर्षांपूर्वीच्या पदवीधरास आपली गुणपत्रिका गहाळ झाल्यास तिची प्रत मागण्यास स्थान असते.

या व्यक्तीचा कारभार पाहणारी माणसे आणि मंडळे कायद्याने नेमून दिली आहेत. राज्याचे राज्यपाल हे पदसिद्ध कुलपती होत. शोधसमितीने सुचविलेल्या नावांतून ते कुलगुरूंची नेमणूक करतात. कुलगुरूंचा कार्यकाल पाच वर्षांचा, अथवा वयाची ६५ वर्षे पूर्ण होईतो, यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंतचा असतो. प्रसंग निकडीचा असल्यास कुलगुरूंना तातडीने पाऊल उचलता येते. परंतु ते काम ज्या मंडळाचे होते त्या मंडळापुढे त्यांना आपल्या कृतीचा अहवाल ठेवावा लागतो. दप्तर व मुद्रा सांभाळणारा अधिकारी तो कुलसचिव. भोरकरांस तरी या शब्दाचे मर्म सांगावयास नको. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांत सचिवाने राजपत्रे तपासून पाहावी, अधिक-उणे शुद्ध करावे, असा संकेत होता. त्याच पदावरून भोरच्या घराण्यास पंतसचिव हे नाव पडले. राजाची आज्ञादेखील दप्तराच्या शिस्तीतून जावी, हे तत्त्व या मावळात नवे नाही.

मंडळांपैकी तीन प्रमुख. पहिली अधिसभा, जिला जुने लोक सेनेट म्हणत. विद्यापीठाचे अंदाजपत्रक तिच्यापुढे येते, आणि समाजाला विद्यापीठाविषयी काय वाटते हे सांगण्याचे कामही कायद्याने तिच्याकडे सोपविले आहे. दुसरी व्यवस्थापन परिषद. हिच्या हाती कार्यकारी सत्ता. तिसरी विद्या परिषद. शिक्षणाचा दर्जा राखणे हे तिचे कर्तव्य. यांखेरीज प्रत्येक विषयाचे अभ्यास मंडळ असते आणि पाठ्यक्रम तेथे आकारास येतो. नियमांचीही अशीच उतरंड आहे. सर्वांच्या वर विधिमंडळाचा अधिनियम, त्याखाली अधिसभेने संमत करून कुलपतींची अनुमती मिळविलेले परिनियम, त्याखाली व्यवस्थापन परिषदेचे अध्यादेश, आणि शेवटी विनियम. खालच्या नियमाने वरच्याशी विरोध करता कामा नये. एखाद्या कारकुनाने खिडकीतून ‘असा नियमच आहे’ असे सांगितले, तर तो यांपैकी कोणता आणि कोणी केला, असे नम्रपणे विचारण्याचा हक्क विद्यार्थ्यास या उतरंडीमुळेच प्राप्त होतो.

सरकारचे यात स्थान काय? ते मोठे आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. सरकारी तिजोरीवर ज्यांचा भार पडतो अशी नवी पदे विद्यापीठास सरकारच्या पूर्वसंमतीवाचून निर्माण करता येत नाहीत. नवे महाविद्यालय काढण्याची परवानगीही सरकारच देते. भोर येथील अनंतराव थोपटे महाविद्यालयाचे उदाहरण घेतले तर हे सहज उमजेल. महाविद्यालय चालविते ते राजगड ज्ञानपीठ ही शिक्षणसंस्था. पदवी देते ते पुण्याचे विद्यापीठ. परवानगीचा अधिकार सरकारचा. भोरचा विद्यार्थी एकाच वर्गात बसलेला असतो, परंतु त्याच्या माथ्यावर तीन छत्रे असतात. यांपैकी कोणत्या छत्राने कोणते ऊन वारावयाचे, हे ठाऊक नसले म्हणजे तक्रार चुकीच्या दारी जाते आणि वर्ष वाया जाते.

कुलपती, सरकार आणि विद्यापीठ यांच्यातील तोल किती नाजूक आहे, हे थोड्याच वर्षांपूर्वी पाहावयास मिळाले. डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक संमत केले. उच्च शिक्षणमंत्र्यांस प्र-कुलपती करावे, आणि कुलगुरूंच्या नेमणुकीपूर्वी नावांची निवड सरकारच्या हातून व्हावी, असा त्याचा आशय होता. निवडून आलेल्या सरकारास लोकांपुढे उत्तर द्यावयाचे असते, तेव्हा त्यास अधिकार हवा, असे एका बाजूचे म्हणणे. मंत्र्याचा हात विद्यापीठात शिरला की विद्वत्तेवर पक्षाची छाया पडेल, असे दुसऱ्या बाजूचे. ते विधेयक अमलात आले नाही आणि २०२२ साली मागे घेण्यात आले. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात विचारार्ह अंश होता. तथापि त्या साऱ्या वादात एका पक्षाचा आवाज क्वचितच ऐकू आला. तो पक्ष म्हणजे ज्यांच्यासाठी विद्यापीठ आहे ते लोक. वाद राजभवनाचा आणि मंत्रालयाचा, अशीच सर्वांची समजूत होती.

वास्तविक या लोकांस कायद्याने जागा दिलेली आहे. अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांनी आपल्यांतून निवडून द्यावयाचे दहा सभासद असतात. त्यांतील पाच जागा अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त व भटक्या जमाती, इतर मागासवर्ग आणि महिला यांच्यासाठी राखीव आहेत. पुणे विद्यापीठात ही निवडणूक २०२२ च्या नोव्हेंबरात झाली. परंतु ‘नोंदणीकृत’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पदवी मिळाली म्हणून नाव आपोआप यादीत येत नाही; त्यासाठी अर्ज करावा लागतो. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाची यादी निराळी, ही निराळी. किती सुशिक्षित घरांतून हा भेद ठाऊक आहे? घरात तीन-तीन पदवीधर असावे आणि अधिसभेच्या मतदारयादीत एकाचेही नाव नसावे, हे चित्र शहरातही विरळा नाही. मग निवडून कोण येतात? जे नावे नोंदवितात त्यांचे.

याचा परिणाम केवळ तत्त्वाचा नाही. तो वेल्ह्यातील मुलीच्या पायपिटीपर्यंत जाऊन पोहोचतो. कोणत्या भागात नवे महाविद्यालय निघावे हे ठरविण्यासाठी विद्यापीठास पाच वर्षांचा बृहत् आराखडा करावा लागतो. उच्च शिक्षणाच्या सोयी सर्वत्र न्याय्य रीतीने वाटल्या जाव्यात, जेथे अद्याप त्या पोहोचल्या नाहीत अशा मागासलेल्या भागांच्या गरजेकडे पाहावे, असा त्यामागील हेतू आहे. आराखड्यात जे ठिकाण नाही तेथे नवे महाविद्यालय निघत नाही. तेव्हा मढे घाटाच्या बाजूच्या अथवा वरंध घाटाच्या वाटेवरील वाड्यावस्त्यांतील मुलांना कोणती विद्याशाखा जवळ मिळावी, हा प्रश्न आराखडा तयार होत असता कोणी मांडला नाही, तर पुढील पाच वर्षे तो मांडूनही फारसा उपयोग होत नाही. पहाटेची एस. टी. चुकली म्हणून तास बुडाला, आणि पावसाळ्यात असे तास पुष्कळ बुडाले म्हणून शिक्षण सुटले, अशी मुलगी कोणत्याही अहवालात दिसत नाही. तिच्या वतीने बोलणारा मनुष्य सभागृहात असेल तरच ती दिसेल.

निकालाचेही तसेच. परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत, आणि फार तर ४५ दिवसांत, निकाल लावावा, असे अधिनियम सांगतो. विलंब झाल्यास विद्यापीठाने त्याची कारणे कुलपतींस व सरकारास कळवावी लागतात. निकाल लांबला तर श्रीमंताच्या मुलास थोडा मनस्ताप होतो. ज्या मुलास पदवीच्या भरवशावर एखादी जागा मिळावयाची आहे, त्याचे मात्र वर्ष जाते, आणि घरची शेती खडकाळ असलेल्या कुटुंबात एक वर्ष ही लहान गोष्ट नव्हे. कायद्यातील ४५ हा आकडा अशा कुटुंबासाठी लिहिलेला आहे. परंतु आकडा स्वतः बोलत नाही. तो वाचून दाखविणारा कोणी लागतो.

तेव्हा, श्रोतेहो, विद्यापीठ कोण चालविते, या प्रश्नास एका शब्दात उत्तर नाही. विधिमंडळ त्यास जन्म देते, आयोग त्याचा दर्जा पाहतो, कुलपती त्यावर शिरोभागी असतात, सरकार त्यास द्रव्य पुरविते, कुलगुरू त्याचा गाडा हाकतात. यांपैकी एकाच्याच हाती सर्व सत्ता जाऊ नये म्हणून कायद्याने ती अशी वाटली आहे. या वाटणीत एक लहानसा वाटा पदवीधर नागरिकाचा आहे. इतर सर्व वाटेकरी आपला वाटा मागून घेतात. हा एकच वाटेकरी बहुधा झोपलेला असतो. भोरच्या रयतेस विद्यापीठाच्या कायद्याविषयी मत देण्याचा हक्क मिळावयास १९४८ साल उजाडावे लागले. तो हक्क वापरण्यासाठी आज एका अर्जापलीकडे काही लागत नाही. पुढील मतदारयादी तयार होईल तेव्हा सुशिक्षित घरांनी आपल्या पदवीधरांची नावे तीत आहेत की नाहीत एवढे पाहिले, तरी गुंजवणीच्या खोऱ्यातील मुलीच्या प्रश्नास सभागृहात वाचा फुटण्याची सोय होईल.